गिंप: आठ महिने सावल्या पाडून झाल्यावर

"मालक, ही सावली हाय का चहाचा डाग?" वास्तुशांतीची पत्रिका हातात धरून गिऱ्हाइकाने विचारलं आणि माझं पेमेंट तिथेच अडकलं.

सोलापुरात नवी पेठेजवळच्या एका गल्लीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. जुन्या पत्रिकेवरचा गणपती, कॅलेंडरवरची तुळस असं काहीबाही घेऊन लोक येतात आणि म्हणतात, जरा उठाव आणा, कापून चिकटवल्यासारखं दिसू दे. जूनपासून हे काम मी गिंप ३.० या चित्रं सुधारायच्या सॉफ्टवेअरवर करतोय. फुकट आहे हे पहिलं कारण, दुसरंही तेच.

आधी २.१० होतं. त्यात टाकलेली सावली चित्रातच मुरायची. गिऱ्हाईक "थोडी कमी करा" म्हणालं की पुन्हा पहिल्यापासून. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये लेयरपाशी (चित्राच्या एकावर एक थरांपैकी प्रत्येकापाशी) लावलेल्या इफेक्टची 'एफएक्स' ही खूण दिसते, तिथून आकडे कधीही बदलता येतात. एवढ्यासाठी मी बाकीच्या कटकटी माफ केल्या.

डागाचं कारण मीच होतो. ड्रॉप शॅडो, म्हणजे सावली पाडणारा फिल्टर, उघडला की सावली आडवी-उभी किती सरकवायची ते एक्स २०, वाय २० भरलेलंच असतं. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) छापील पत्रिकेत २० पिक्सेल म्हणजे पावणेदोन मिलिमीटरही नाहीत. मोबाइलवर पाठवायच्या लहान चित्रात तेच केवढे तरी दिसतात. मी दोन्हीकडे तेच ठेवायचो, वर पिवळ्या कार्डावर काळीकुट्ट सावली.

खरी परीक्षा गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, शुभेच्छापत्राने घेतली. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) आणि ते पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले (बंदांच्या अंगरख्यातले) भक्त, सगळं कागदकामासारखं हवं होतं. तेही पांढऱ्या कार्डावर. पांढऱ्यावर पांढरं म्हटल्यावर चित्राची रेघ म्हणजे सावलीच. दोन रात्री घासल्या, सातही ध्वज स्टिकरसारखे दिसत राहिले. शेवटी कॉम्प्युटर बंद केला. कार्डशीटमधून एक नंदीध्वज कात्रीने कापला, खालचं टोक डिंकाने चिकटवलं, वरच्या टोकाखाली काडेपेटीतली काडी सरकवली आणि खिडकीपाशी ठेवला. चिकटलेल्या टोकाशी सावली बारीक आणि गडद. वर जावी तशी रुंद, फिकट, कडा विरलेली. काळी तर नव्हतीच. माझी भिंत पिवळी आहे, म्हणून सावलीही तपकिरीकडे झुकलेली. ड्रॉप शॅडोला हे जमत नाही, तो सगळीकडे एकाच मापाची सावली पाडतो.

मग हाताने करायला लागलो. अल्फा टू सिलेक्शनने चित्राचा आकार निवडायचा, खाली नवा लेयर, त्यात गडद तपकिरी रंग, मोड मल्टिप्लाय, म्हणजे खालचा रंग गडद करणारा. याच्या दोन प्रती. एक कागदाला खेटून, दोन-तीन पिक्सेल ब्लरची. दुसरीला पंचवीस-तीसचा ब्लर, तिचं वरचं टोक पर्स्पेक्टिव्ह टूलने बाजूला ओढलेलं आणि लेयर मास्कने (लेयरचा भाग झाकणाऱ्या पडद्याने) ती खालच्या टोकाकडे विरत नेलेली. प्रत्येक ध्वजाला ओढ थोडी वेगळी. सगळ्यात शेवटी उजेडाच्या बाजूच्या कडेला पिक्सेलभर उजळ रेघ. कागदाला जाडी आहे असं वाटतं ते तिच्यामुळे.

कागदाचा खरबरीतपणा बंप मॅप या उंचसखलपणा दाखवणाऱ्या फिल्टरने येतो, पण तिथेही फसलो. त्यात अझिमथ (उजेडाच्या दिशेचा कोन) १३५ असतो, म्हणजे उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून. माझी खिडकी उजवीकडे, म्हणून सावल्या डावीकडे पाडल्या होत्या. कागदावर एक सूर्य आणि सावलीत दुसरा! सोलापूरला एकच पुरतो. अझिमथ ४५ केला तेव्हा चित्र बसलं. दुसऱ्या लेयरवरून घेतलेला बंप मॅप ३.० मध्येही मुरतोच, त्यामुळे ती पायरी नव्याने करावी लागली.

तक्रारी आहेतच. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) थेट काम होत नाही, फक्त तशी फाइल बाहेर काढता येते. ऑफसेटला सावली स्क्रीनपेक्षा जड उतरते, म्हणून मी ती आधीच हलकी ठेवतो. युनिकोड मराठीची जोडाक्षरं नीट येतात, पण दुकानातला जुना श्रीलिपीतला (युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला) मजकूर पुन्हा टाइप करावा लागला. आणि ए-४ आकारात आठ-दहा लेयरना एफएक्स लावलं की माझं आठ जीबी रॅमचं मशीन धापा टाकतं. सात नंदीध्वजांची फाइल उघडायला लावून मी चहाला जातो.