टस्कनीतला मुक्काम: अख्खे शेतघर की आग्रितुरिस्मो?

इटलीतल्या टस्कनीच्या ग्रामीण भागात राहायचे ठरले, की निवड बहुधा दोहोंत होते: डागडुजी केलेले अख्खे शेतघर भाड्याने घ्यावे, की चालत्या शेतावरच्या ‘आग्रितुरिस्मो’त खोली घ्यावी.

ही जुनी घरे मुळात अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कुटुंबांची. खाली गोठा, वर माणसे. असे नवे करार 1964च्या कायद्याने बंद झाले, पण दुसऱ्या महायुद्धानंतर माणसे शहरांकडे निघालीच होती, आणि ओस पडलेल्या घरांपैकी कित्येक पुढे पाहुण्यांसाठी सजली, म्हणून आजच्या दिवाणखान्यात कधीकधी भिंतीलगत गव्हाणीची दगडी कड दिसते. आठ-दहा जणांच्या कुटुंबाला असे घर माणशी स्वस्त पडू शकते, आणि स्वयंपाकघर आपलेच असल्याने वरणभाताची सोय होते. मात्र ऐन उन्हाळ्यात बुकिंग बहुधा शनिवार ते शनिवारच मिळते आणि साफसफाईचे पैसे अनेकदा वेगळे द्यावे लागतात.

आग्रितुरिस्मोचा यजमान कायद्यानेच शेतकरी असावा लागतो. 1985 साली प्रथम आणि 2006 साली नव्याने केलेल्या कायद्यानुसार शेती हाच त्याचा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे. त्यामुळे जेवणात बहुधा घरचेच ऑलिव्ह तेल येते. (पाव अळणी लागला तर ती चूक नव्हे, तिथली रीतच तशी.) दोघांना तीन-चार रात्रींसाठी मला हाच पर्याय उजवा वाटतो.

गाडी मात्र दोन्हीकडे जवळपास अपरिहार्य आहे, कारण शेवटचा टप्पा पुष्कळदा खडीच्या पांढऱ्या रस्त्याचा असतो.