काट्यावरच्या पावत्या कशात ठेवाल: जेसन, पिकल, नेडीबी की एसक्यूलाइट?

जिनिंगच्या किंवा आडतीच्या काट्यासाठी प्रोग्रॅम लिहायला घेतला की पहिला प्रश्न हाच येतो: पावतीचा ऑब्जेक्ट (प्रोग्रॅममधला तिच्या सगळ्या माहितीचा गठ्ठा) डिस्कवर ठेवायचा कशात? संगणक एकच, तोही जुना. पोस्टग्रेससारखा वेगळा डेटाबेस सर्व्हर बसवला तर त्याची निगा राखायला तिथं कोणी नाही, म्हणून फाइलवरच भागवायचं. प्रोग्रॅम असिंक, म्हणजे एका कामाची वाट पाहताना दुसरं काम करणारा, ठेवावा लागतो, कारण सिरियल पोर्टवरून वजन येत असतं, प्रिंटर चालू असतो आणि दिवाणजी त्याच वेळी कालची पावती शोधत असतात.

हिंगणघाटला बसवा की पांढरकवड्याला, कसोटी एकच धरा. भरली गाडी काट्यावर आहे, पावती निघतेय आणि तेवढ्यात लाइन गेली, तर फाइलमध्ये काय उरतं? कास्तकाराचा चुकारा (मालाचे पैसे) त्या पावतीवर निघतो. वेगाचे आकडे नंतर बघा.

जेसन, म्हणजे साध्या मजकुरात माहिती लिहिलेली फाइल, सगळ्यात सोपी. नोटपॅडमध्ये उघडून कोणालाही वाचता येते, आणि फोनवरून अडचण सोडवताना याचा फार उपयोग होतो. पण एक पावती वाढली तरी अख्खी फाइल पुन्हा लिहावी लागते, आणि मध्येच लाइन गेली तर अर्धवट फाइल वाचताच येत नाही. त्यावर इलाज आहे: शेजारी तात्पुरत्या नावाने लिहायचं, एफसिंक करायचं (डेटा खरोखर डिस्कवर उतरवायचा), मग नाव बदलून जुनीच्या जागी आणायची. दुसरा धोका असिंकचा. एका टास्कने (प्रोग्रॅममधल्या एका कामाने) फाइल वाचली आणि तो अवेटवर, म्हणजे वाट बघत, थांबला. तोवर दुसऱ्याने वाचून आपली पावती लिहिलीही. पहिला परत येतो, जुन्या प्रतीवर स्वतःची पावती चढवून लिहितो आणि दुसऱ्याची पावती गायब. एररसुद्धा येत नाही. म्हणून एका वेळी एकालाच फाइल हाताळू देणारा लॉक लावावाच लागतो. आजचा भाव, पोर्टचा नंबर अशा सेटिंगसाठी जेसन उत्तम. पावत्यांसाठी मी घेणार नाही.

पिकल हे पायथॉनमधलंच ऑब्जेक्ट साठवायचं साधन. ते पायथॉनवाल्यांना ओढ लावतं, कारण ऑब्जेक्ट जसाच्या तसा जातो आणि तसाच परत येतो. पण पिकल क्लासचा (ऑब्जेक्टच्या साच्याचा) कोड साठवत नाही, फक्त मॉड्यूलचं आणि क्लासचं नाव साठवतं. क्लासचं नाव बदललं की जुन्या पावत्या उघडत नाहीत. हंगामाच्या मध्यात ओलाव्याचा रकाना वाढवला, तर जुना ऑब्जेक्ट परत येताना 'इनिट' (नव्या ऑब्जेक्टमध्ये रकाने भरणारा कोड) चालत नाही, त्यामुळे त्याच्यात ओलावा नसतोच आणि रिपोर्ट काढताना प्रोग्रॅम पडतो. शिवाय दुसऱ्याने दिलेली पिकल फाइल उघडणं म्हणजे त्याचा कोड आपल्या मशीनवर चालू देणं. नकोच.

नेडीबी हा छोटा डेटाबेस नोडमध्ये (जावास्क्रिप्टमध्ये) लिहिणाऱ्यांसाठी. मोंगो या डेटाबेससारखी भाषा, सगळा डेटा मेमरीत, आणि प्रत्येक बदल फाइलच्या शेवटी नवी ओळ म्हणून जोडला जातो. एका काट्याच्या हंगामाला मेमरी पुरते. मूळ प्रकल्पाची देखभाल थांबलेली आहे, तेव्हा घ्यायचंच असेल तर सील्ड कंपनीने पुढे चालवलेली शाखा घ्या.

एसक्यूलाइटवर, म्हणजे सर्व्हरशिवाय फाइलवरच चालणाऱ्या डेटाबेसवर, माझा भरवसा आहे. ते 2000 सालापासून आहे, आणि त्याची फाइल-रचना 2050 पर्यंत सांभाळायचं करणाऱ्यांनी जाहीर केलेलं आहे. ऑब्जेक्ट पूर्ण तोडून टेबलात बसवायची गरज नाही. पावती क्रमांक, तारीख, गाव आणि निव्वळ वजन एवढे रकाने वेगळे ठेवा, बाकी ऑब्जेक्ट जेसन करून एका रकान्यात टाका. 2022 पासून जेसनची फंक्शन्स त्यात अंगभूतच आहेत. वजन किलोत आणि रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांकात ठेवा. दशांशाचा घोळ मिटतो.

एसक्यूलाइट मुळात असिंक नाही. पायथॉनची एआयओएसक्यूलाइट लायब्ररी प्रत्येक कनेक्शनला वेगळा थ्रेड (समांतर चालणारा धागा) देते आणि कामं रांगेत लावते, त्यामुळे बाकीचा प्रोग्रॅम अडत नाही. मात्र एकच कनेक्शन दोन टास्कनी वापरलं तर एकाच्या कमिटबरोबर (नोंद कायम करण्याबरोबर) दुसऱ्याचं अर्धवट कामही कमिट होतं. लिहिणारा टास्क एकच ठेवा आणि बाकीच्यांनी त्याच्या क्यूमध्ये पावत्या टाकाव्यात. वाचायला वेगळं कनेक्शन उघडा. डब्ल्यूएएल मोडमध्ये (यात नवी नोंद आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये जाते) वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत.

या मोडबरोबर वेगासाठी 'सिंक्रोनस नॉर्मल' (प्रत्येक कमिट डिस्कवर उतरेपर्यंत न थांबणारी सेटिंग) लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात लाइन गेली तरी फाइल बिघडत नाही, पण शेवटच्या काही पावत्या जाऊ शकतात. काट्यावर 'फुल'च ठेवा. एका गाडीला मिनिटं लागतात, तिथं मिलिसेकंद वाचवून काय करायचं? आणि कमिट झाल्यावरच प्रिंट द्या, म्हणजे कास्तकाराच्या हातातली प्रत्येक पावती फाइलमध्ये सापडेल.

संध्याकाळी पेनड्राइव्हवर प्रत घेताना चालू डेटाबेसची मुख्य फाइल नुसती कॉपी करू नका. ताज्या नोंदी शेजारच्या डब्ल्यूएएल फाइलमध्ये असू शकतात. एसक्यूलाइटची 'व्हॅक्यूम इंटू' ही कमांड वापरा, एकसंध प्रत मिळते.

ऑफिसातल्या दुसऱ्या संगणकावरूनही लिहायचं असेल, तर फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवू नका. डब्ल्यूएएल नेटवर्कवरच्या फाइलवर चालत नाही. डेटाबेस काट्याच्याच संगणकावर राहू द्या आणि ऑफिसला त्याच प्रोग्रॅममधून एक छोटा एचटीटीपी पत्ता द्या.