खारपाणपट्ट्यातली कोल्ड ब्रू: आठ महिने वापरल्यावर

कोल्ड ब्रू म्हणजे कॉफीचा भरडा न उकळता गार पाण्यात कित्येक तास भिजवून गाळलेली कॉफी. तिची बाटली मार्चच्या पहिल्या आठवड्यात मागवली. एक लिटरची, काचेची, आत बारीक स्टील जाळीचं नळकांडं. साडेआठशे रुपये. आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यात. कुरिअरवाला गावापर्यंत येत नाही, तालुक्याला जाऊन आणली. सकाळची शाळा सुटल्यावर उन्हातून घरी आलं की गरम चहा घशाखाली उतरत नाही, म्हणून हा खटाटोप.

पहिले तीन घाणे नालीत गेले. तुरट, मचूळ, जिभेवर खारट थर. मी कॉफीलाच शिव्या घातल्या. मग ह्यांनी सहज विचारलं, "पाणी कोणतं टाकलं?" बोअरचं! पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा पट्टा खारपाणाचा, ह्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. उकळत्या कॉफीत दूध-साखर सगळं झाकून घेतात. इथे पाणी आणि कॉफी, तिसरं कोणी नाही, आणि दोघं रात्रभर एकत्र. चौथ्यांदा कॅनचं आरओचं पाणी घातलं आणि पहिल्यांदा कॉफीची चव लागली. डब्यावरच्या सूचनांत पाण्याबद्दल अवाक्षर नाही.

दुसरी गोष्ट भरड्याची. मिक्सर सलग फिरवला की पीठ होतं, ते जाळीतून खाली येतं आणि पेल्याच्या तळाशी चिखल बसतो. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, दलियासारखा जाड भरडा हवा. चिकोरी (एका झाडाची भाजून दळलेली मुळं) मिसळलेली पावडर घेऊ नका, चिकोरीच पुढे पुढे करते. मी बिया चिखलदऱ्याहून आणते. कॉफी आपल्याच जिल्ह्यात पिकते हे शाळेतल्या पोरांना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना. प्रमाण १०० ग्रॅमला ८०० मिली पाणी. भरडा बरंच पाणी पिऊन बसतो, हाती ६०० मिलीच्या आसपास अर्क येतो. त्यात निम्मं पाणी किंवा बर्फ घालायचा. मी पहिल्यांदा तसाच पेलाभर प्यायले आणि रात्री दोनपर्यंत छताकडे बघत पडले.

"खोलीच्या तापमानाला १२ ते १८ तास" असं सगळे सांगतात. त्यांनी आमची मे महिन्यातली खोली पाहिलेली नाही. बाहेर ४५ अंश असताना बारा तासांत कडू जहर होतं. फ्रिजमध्ये १६ तास ठेवलं तर उत्तम, पण लाइन गेली की फ्रिजचं कपाट होतं. मग बाटलीला ओलं पोतं गुंडाळून माठाशेजारी ठेवायला लागले, आठ तासांत गाळायची. कूलर ज्या कोरड्या हवेत चालतो, त्याच हवेत हा उपाय चालतो. जुलैत झड लागल्यावर तसंच केलं तर एक घाणा आंबूस झाला. तेव्हापासून पावसाळ्यात फक्त फ्रिज. तयार अर्कही आठवड्याच्या आत संपवते.

थंड कॉफीत साखर विरघळत नाही, तळाशी बसते. गुळाचा पातळ पाक करून ठेवा, छान लागतो. सासूबाईंनी आधी "काय व, काढा करून राहिली काय?" म्हणून नाक मुरडलं होतं, आता दुधात अर्क आणि गुळाचा पाक घालून पेला संपवतात.

बाटलीबद्दल सांगायचं तर काच चांगली आहे. झाकणाचं रबर चौथ्या महिन्यात चिरलं, सुटं मिळत नाही असं विकणाऱ्याने कळवलं. जाळीचा सांधाही सप्टेंबरात उसवला. तेव्हापासून साध्या बरणीत भिजवते आणि सुती पंच्यातून गाळते. पंचा आधी नुसत्या पाण्यात उकळून घ्या, नाहीतर कॉफीला धुण्याच्या साबणाचा वास येतो, आमच्याकडे आला होता. पंच्यातून गाळलेली कॉफी जाळीपेक्षा नितळ निघते. म्हणजे साडेआठशे रुपये वाचले असते. त्यात कितीतरी कॅन पाणी आलं असतं.

सध्या थंडी पडली आहे, भरडा भिजवणं बंद. बाटलीत सासूबाईंनी बोरकूट भरून ठेवलंय.