शिवाजी पार्कात भाड्याने राहताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

इथे भाडं घराचं नसतं, मैदानाचं असतं. एवढं मनाशी पक्कं असेल तरच पुढे वाचा. कारण तेवढ्याच पैशांत ठाण्याला लिफ्ट, पार्किंग, क्लबहाऊस सगळं मिळतं. आमच्या इमारतीत यातलं काहीच नाही.

इमारत १९४०च्या आसपासची, आर्ट डेको शैलीतली. गोलाई घेतलेली गॅलरी, जिन्याला सागवानी कठडा, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. छत उंच, त्यामुळे मे महिन्यातही घर तापत नाही. पण वायरिंग जुनं आहे. एसी आणि गीझर एकदम लावले की फ्यूज गेलाच. गाडी रस्त्यावर, तीही जागा मिळाली तर. मेट्रो ३ सुरू झाल्यापासून आमची बहुतेक गल्लीतच उभी असते.

आता मैदान. १९२५ साली ते खुलं झालं तेव्हा नाव होतं माहीम पार्क. शिवाजी महाराजांचं नाव १९२७ साली मिळालं. मैदानाभोवतीच्या कट्ट्याची एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर. सकाळी सहाला चालणारे, मग नेट्सवरची पोरं, संध्याकाळी कट्ट्यावर राजकारण. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "कट्ट्यावर दिसला नाहीत अजून?" घरात कोण काय करतं, हे त्यांनी त्यानंतर विचारलं.

धूळ मात्र छळते. मैदानातली तांबडी माती हिवाळ्यात थेट घरात येते. दुपारी खिडकीच्या कडेवरून ओलं फडकं फिरवावं, तर दिवेलागणीला पुन्हा तांबूस थर. कुणाला दमा असेल तर मैदानासमोरचं घर घेऊच नका, दोन गल्ल्या आत शोधा.

२०१० साली उच्च न्यायालयाने हा शांतता परिसर ठरवला. सभांच्या दिवशी हे आठवून हसू येतं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंनी लोक येतात, तेव्हा काही शेजारी दारं लावून लोणावळा गाठतात. मला तो पळपुटेपणा वाटतो. मैदानातल्या स्टॉलवर इतकी मराठी पुस्तकं एका जागी वर्षभरात दुसरीकडे दिसत नाहीत.

साबुदाणावडा आणि पियुषवर लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.

करार अकरा महिन्यांचा होतो, म्हणून मालकांना आधी विचारा: पुनर्विकासाला सह्या झाल्यात का? आमच्या गल्लीत बऱ्याच इमारतींवर हिरवं कापड चढलंय. ड्रिलिंग सकाळी सुरू होतं, घरून काम करणाऱ्यांनी ते ऐकूनच टोकन द्यावं.