नवीन म्हणून गळ्यात मारलेली "काम झालेली" गाडी, आणि ते कूलंटवरून कसं कळलं

नवीन गाडी घेतलेल्या किंवा घ्यायच्या तयारीत असलेल्या सगळ्यांसाठी लिहितोय, लांबलंय जरा पण वाचा. आमच्या गाडीचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत द्रव) गाडी नवीन असतानाच गढूळ तपकिरी निघालं, त्याच्या मागे लागलो तेव्हा कळलं की गाडी आमच्या हातात यायच्या आधीच समोरून ठोकलेली होती आणि डीलरने गुपचूप दुरुस्त करून कोरी करकरीत म्हणून आम्हाला विकली. शोरूमचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

आम्ही साताऱ्याचे, गाडी पुण्यातून घेतली कारण तिथे दसऱ्याला मिळत होती. साडेदहा लाखाच्या आसपास गेली ऑन रोड. बुकिंगलाच सांगितलं होतं की पूर्ण पैसे भरायच्या आणि पासिंगच्या आधी गाडी यार्डात जाऊन बघणार, तर उत्तर काय, "यार्डात कस्टमर अलाऊ नाही सर, पीडीआय आमची टीम करते, तुम्ही टेन्शन घेऊ नका." (पीडीआय म्हणजे डिलिव्हरीच्या आधीची तपासणी.) दसऱ्याच्या दिवशी तर विचारूच नका, लाल कापडाखाली गाड्यांची रांग, हार, नारळ, पेढे, फोटोवाला, मागे पुढची फॅमिली ताटकळत उभी, आणि सेल्सवाला कानाशी लागलेला की कंपनीचा फोन येईल सर, दहापैकी दहाच द्या हं, नाहीतर माझा इन्सेन्टिव्ह कापतात.

पुढे वायपरचं पाणी भरायला बॉनेट उघडलं तेव्हा शेजारची कूलंटची बाटली दिसली. मॅन्युअलप्रमाणे आमच्या गाडीत गुलाबी कूलंट येतं. बाटलीत होतं ते मातकट तपकिरी, मिन-मॅक्सच्या मधोमध, आणि टॉर्च मारला तर तळाला बारीक गाळ बसलेला. नवीन गाडीत गाळ कुठून येणार?

सर्व्हिस सेंटरला नेली. अ‍ॅडव्हायजर आधी म्हणाला "नवीन इंजिन सेट होतंय सर, कलर चेंज होतोच." हे साफ खोटं आहे. ठीक असलेलं कूलंट पहिली काही वर्षं रंग फारसा सोडत नाही, आणि "सेट होण्याशी" त्याचा काही संबंध नाही. मी हलत नाही बघून दुसरा सूर लागला, फ्लश करून रेडिएटर ट्रीटमेंट मारून देतो, चार हजाराच्या आसपास होतील, कूलंट कन्झ्युमेबल आहे म्हणून वॉरंटीत बसत नाही. म्हणजे घाण त्यांची आणि धुवायचे पैसे आमचे. आणि फ्लश केलं की पुरावाही गटारात गेला, हे तेव्हा त्याच्या डोक्यात होतं की नाही माहीत नाही, पण घाई फार होती. मी म्हणलं, फ्लश नंतर, आधी जॉब कार्डवर कस्टमर व्हॉइसच्या (गिऱ्हाइकाच्या तक्रारीच्या) रकान्यात लिही, "कूलंट तपकिरी, तळाला गाळ, कारण कळावे". तर लिहायला तयार नाही! "जनरल चेकअप" एवढंच टाकलं. तिथेच पाणी मुरतंय हे कळलं आणि गाडी तशीच परत आणली.

मग आमच्या इथले गॅरेजवाले तात्या, मारुती ८०० च्या काळापासून हात काळे करतायत. त्यांनी इंजिन थंड होऊ दिलं (गरम इंजिनवर ते झाकण चुकूनही उघडू नका, आतलं दाबाखाली असतं, थेट तोंडावर उडतं) आणि आधी बाटलीकडे नाही तर होज पाइपकडे बघितलं. म्हणाले, "मालक, ह्ये बघा, ह्या बाजूला कंपनीची चिमटा क्लिप हाय, स्प्रिंगची. आनि ह्या बाजूला स्क्रूची पट्टी. ही दुकानातली. रेडिएटर खोललाय कुनीतरी." मग टॉर्च धरून रेडिएटर ज्या आडव्या पट्टीला बसतो तिचे बोल्ट दाखवले. कंपनीत बोल्ट आवळला की त्यावर मार्करने एक रेघ मारतात, बोल्टावरून खालच्या पत्र्यापर्यंत सलग. आमच्या गाडीत डावीकडच्या रेघा सलग होत्या, उजवीकडे बोल्टावरची रेघ एका दिशेला आणि पत्र्यावरची दुसऱ्या, शिवाय बोल्टाच्या कडांचा रंग उडालेला. "पाना लागलाय," एवढंच बोलले. उजव्या हेडलाइटच्या मागच्या स्टिकरवर छापलेला महिना तर कहर होता, फॉर्म २१ वर (डीलर देतो ते विक्री प्रमाणपत्र) गाडी बनल्याचा जो महिना आहे त्याच्या नंतरचा. गाडी आधी बनली आणि तिचा हेडलाइट नंतर जन्माला आला.

आता रंग का बदलला ते. रेडिएटर बदलताना त्यातलं कूलंट जातं, पण इंजिन ब्लॉकमध्ये बरंच शिल्लक राहतं. यांनी त्या उरलेल्या गुलाबीवर हाताला लागलं ते हिरवं ओतलं आणि वर नळाचं नाहीतर बोअरचं पाणी. हिरवं अधिक गुलाबी म्हणजे तपकिरी. नुसता रंगाचा प्रश्न असता तर सोडून दिलं असतं कारण रंग हा फक्त डाय असतो, दोन हिरवी कूलंट सुद्धा आतून वेगळी असू शकतात. खरा घोळ आतल्या अ‍ॅडिटिव्हचा, जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं आणि नवीन ऑरगॅनिक अ‍ॅसिडवालं एकत्र झालं तर गंजरोधक गुण उतरतो, कधी कधी चिकट गाळ होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात. बोअरच्या पाण्यातल्या क्षाराने आत थर धरतो, क्लोराइड अ‍ॅल्युमिनियम खातं. आपल्याकडे अजून खूप जण म्हणतात की इथे कुठे बर्फ पडतो, साधं पाणी चालतंय की. अहो ते फक्त गोठू नये म्हणून नसतं, ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) मिसळलेलं पाणी उकळतंही उशिरा, आणि गंज थांबवायचं काम तर बाराही महिने चालू असतं. साधारण निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड पाणी असं प्रमाण असतं. तात्यांनी रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्यात कूलंट किती आहे ते दाखवणारं यंत्र) थेंब टाकून बघितलं, कूलंट निम्म्याहून बरंच कमी निघालं. (तुमच्या बाटलीत दुधी, तेलकट दिसलं तर मात्र प्रकरण वेगळं, ऑइल मिसळत असू शकतं, हेड गॅस्केट वगैरे, ती गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या.)

एवढं झाल्यावर मी डीलरला फोन करत बसलो नाही. चेसिस नंबर टाकून थेट कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला की या गाडीची इनव्हॉइसच्या आधीपासूनची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी लेखी द्या. हे प्रत्येकाने करा, अधिकृत वर्कशॉपमध्ये झालेलं काम चेसिस नंबरवर सिस्टीममध्ये चढतं. आधी टाळाटाळ झाली, रिमाइंडरवर रिमाइंडर पाठवल्यावर उत्तर आलं. आमच्या इनव्हॉइसच्या आधीच्या तारखेची बॉडी शॉपची एन्ट्री होती: पुढचा बंपर, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, उजवा हेडलाइट. कारण, ट्रान्झिट डॅमेज.

मग डीलरचा मॅनेजर एकदम गोड. ट्रकवरून उतरवताना किरकोळ लागलं होतं सर, सगळे ओरिजिनल पार्ट टाकलेत, तुम्हाला काहीच फरक पडत नाही. फरक पडत नव्हता तर सांगून विका ना, डिस्काउंट द्या, घेणारा घेईल नाहीतर नाही घेणार. दुरुस्ती केली याबद्दल माझी तक्रारच नाही, लपवलं याबद्दल आहे. त्यांची ऑफर अशी की एक्स्टेंडेड वॉरंटी फुकट देतो, फक्त एका "सॅटिस्फॅक्शन लेटर"वर सही करा. ती सही केली की आपणच लिहून दिल्यासारखं होतं की आमची काही तक्रार नाही. नाही केली.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येतच लिहिलंय की दुरुस्त केलेला किंवा जुना माल नवा म्हणून दाखवणं हा त्यात मोडतो, वकिलाने तेच कलम लावलंय. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला हेलपाटे मारावे लागत नाहीत. ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगात, १० ते २० लाखांच्या मालाला फी फक्त ४०० रुपये, मुदत २ वर्षं. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते, त्याआधी १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) फोन करून नोंद करून ठेवा. आयोगाला वाटलं तर नमुना लॅबला पाठवता येतो, म्हणून आम्ही फ्लश करायच्या आधी बाटलीचे, क्लिपचे, बोल्टांचे फोटो काढले, व्हिडिओ घेतला, कूलंट दोन स्वच्छ बाटल्यांत भरून सील करून त्यावर तारीख आणि साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. (लहान मुलं, कुत्री यांच्यापासून लांब ठेवा, ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं.) मगच दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपला पूर्ण फ्लश केलं, आणि तिथल्या पोराने जॉब कार्डवर "रंग तपकिरी, मिश्र कूलंट" असं काही न बोलता लिहून दिलं. सगळेच चोर नसतात.

नोटीस गेलीये, म्हणणं मांडायला समोरच्याला ३० दिवस असतात, आयोगाने वाढवून दिले तर अजून १५, त्यापुढे नाही. परवा मॅनेजरचा परत फोन, मॅटर बाहेर मिटवू सर, काय ते तुमचं समाधान करू. म्हणलं काय समाधान करणार ते मेलवर लिहून पाठवा. अजून मेल नाही.