छापलंय ४२, भरलं ४४: रुंद टायरची कस्टम सायकल, काही महिन्यांनंतर

डावीकडच्या चेनस्टेचा (पेडलपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत जाणाऱ्या नळीचा) रंग उडून आतलं स्टील उघडं पडलं, आणि बनवणाऱ्याचं उत्तर आलं, "तुम्ही टायर मोठा घातलात." म्हणून हा लेखनप्रपंच. सायकल मापाने बनवून घेतलेली, ५८४ ची चाकं (टायर बसतो तिथला रिमचा व्यास, मिमीमध्ये), ४२ मिमी रुंदीचे टायर, रिम ब्रेक, पैसे पूर्ण आगाऊ.

आधी त्या उत्तराचा समाचार. ऑर्डरच्या कागदावर स्वच्छ लिहिलंय: टायर ४२, दोन्ही बाजूंना ४ मिमी मोकळी जागा. म्हणजे दोन नळ्यांमध्ये ५० मिमी. मी ४२ छापलेलाच टायर घातला. व्हर्नियर (जाडी मोजायचं उपकरण) लावून मोजला तर ४३ निघाला, आणि काही आठवड्यांनी ४४. टायर हवेच्या दाबाने हळूहळू ताणतो, रुंद रिमवर आणखी पसरतो. हे गिऱ्हाइकाला माहीत नसलं तर समजू शकतो. फ्रेम बनवणाऱ्याला माहीत नको? त्यात रिम त्यानेच निवडलेली.

बरं, ४४ धरला तरी दोन्हीकडे ३ मिमी उरायला हवेत. उजवीकडे साडेचार होते, डावीकडे दीड. मग मागचं चाक काढून उलटं बसवलं, म्हणजे गिअरची बाजू डावीकडे. चाक एका अंगाला ओढलेलं असतं तर आता टायर उजव्या नळीकडे गेला असता. तो तसाच डावीकडे राहिला. तेव्हा वाकडी आहे ती फ्रेम. फोटो पाठवले, तर म्हणे हाताच्या कामात एवढा फरक येतोच. अहो, हाताचं काम म्हणूनच तर जास्त पैसे मोजले! दीड मिलिमीटरच्या फटीत ओल्या रस्त्यावरची बारीक खडी टायरला चिकटून येते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला नळीवरून सँडपेपर फिरतो. नळी दाबून जागा करून देतो म्हणाला, पण पाठवण्याचा खर्च आणि नवा रंग माझ्या खिशातून. नको म्हटलं.

दिसायला सायकल कुरूप आहे, यावर घरात आणि मित्रांत एकमत आहे. पुढची नळी उंच, वरची नळी पुढे चढत जाणारी, हँडल सीटच्या वर, मडगार्ड पार खालपर्यंत. धाकटा भाऊ विचारतो, "दादा, ही आजोबांची का?" मान दुखत होती म्हणून हँडल उंच मागितलं, आणि ती दुखायची थांबली. कस्टमचे पैसे तिथे वसूल. शिवाय कुरूप म्हणजे हळू असं काही नसतं. ग्रॅम ओब्री या स्कॉटिश सायकलपटूने १९९३ मध्ये तासात ५१.५९६ किमी कापून जागतिक विक्रम केला, तो स्वतः जुळवलेल्या सायकलवर, जिच्यात वॉशिंग मशीनचं बेअरिंग होतं.

आता वेग. पहिले दोन महिने माझं ठाम मत होतं की जाड टायर म्हणजे पायात बेड्या. २५ च्या टायरवाला मित्र सपाट रस्त्यावरही सहज पुढे निघायचा. वाचायला मात्र सगळीकडे उलटंच: रुंद टायर जलद. त्यातली मेख अशी की तो दावा दाब सारखा ठेवून केलेला असतो. सारख्या दाबाला दोन्ही टायर जमिनीला जवळपास सारखंच क्षेत्रफळ टेकवतात; रुंद टायरचा ठसा आखूड आणि रुंद होतो, रबर कमी वाकतं, म्हणून तो कमी शक्ती खातो. हे खरंच आहे. पण २५ च्या टायरमधले ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) ४२ मध्ये भरतो कोण? दाब निम्म्यावर आणला की टायर लोखंडी रोलरवर फिरवून घेतलेल्या चाचणीतला तो फायदा जवळजवळ जिरतो. मात्र त्या रोलरवर माणूस बसलेला नसतो. खडबडीत रस्त्यावर जी थरथर अंगात शिरते, तीही पायांनी निर्माण केलेली शक्तीच असते, वाया जाणारी. यान हाइन यांनी 'बायसिकल क्वार्टरली' या आपल्या सायकलविषयक त्रैमासिकासाठी सायकलस्वारासकट प्रत्यक्ष रस्त्यावर चाचण्या घेऊन हाच मुद्दा लावून धरला. शर्यतीवाले पूर्वी २३ वर होते, आता २८ आणि त्याहून वर गेलेत.

मग मी हळू का? रुंदी हे कारण नव्हतं. पंक्चर होऊ नये म्हणून मी घेतलेला टायर जाड पट्ट्याचा, कडक भिंतीचा (भिंत म्हणजे टायरची बाजू) होता. बोटांनी दाबला तर दबायचा नाही. निम्मा झिजल्याशिवाय काढायला जीव होत नव्हता, पण शेवटी त्याच रुंदीचा, पातळ, मऊ भिंतीचा टायर घातला. सायकल तीच, पाय तेच, आणि उतारावर दोघांनीही पेडल मारणं थांबवलं की तोच मित्र आता माझ्या बरोबरीने येतो. रस्त्याची खडी वर आलेली असेल तर मागे पडतो. गुळगुळीत डांबरावर, ताशी पस्तीस किमीच्या पुढे, तो अजूनही निसटतो. तिथे हवेचं राज्य असतं: वेग दुप्पट झाला की हवेसाठी लागणारी शक्ती आठपट होते. रुंद टायर आणि माझं उंच हँडल दोघंही तिथे मार खातात. त्यातला टायरचा वाटा किरकोळ, माझ्या छातीचा मोठा. म्हणजे मित्राशी रुंदीवरून घातलेला सगळा वाद भलत्याच ठिकाणी चालला होता. भिंतीच्या जाडीबद्दल दोघंही बोललो नव्हतो.

दाबाचं सांगून ठेवतो. टायरवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. फ्रेमवाल्याने तेवढी भरून दिली होती आणि सायकल विटेसारखी चालायची. माझं वजन पंचाहत्तर. आता मागे ४५, पुढे ४०. जास्त हवा भरली की हातात झिणझिण येते आणि जोरात चाललोय असं उगाच वाटतं, म्हणून लोक भरतात.

पंक्चर वाढली का? थोडी. काच टोचते, आधी टोचायची नाही. पॅच लावायला वेळ लागतो तेवढाच.

ब्रेक, गिअर, सीट ठीक. मडगार्ड वाजत नाही.

कस्टम सायकल बनवून घेणार असाल तर टायर कितीचा बसेल हे विचारू नका. हव्या त्या रिमवर, हवा भरून, महिनाभर ताणलेला खरा टायर पाठवा आणि त्याच्याभोवती फ्रेम बनवायला सांगा. पैसे निम्मे हातात ठेवा. सायकल आली की रंगाकडे बघण्याआधी चाक उलटं बसवून बघा.

मी सध्या मागे ३८ चा घातलाय, भरतो ३९ च. डावीकडे चार मिलिमीटर मिळाले. पुढे ४२ तसाच आहे. पुढचं चाक फुगलेलं आणि मागचं वाळलेलं दिसतं, पण ट्यूब दोन्हीला एकाच मापाची चालते, त्यामुळे जादाची एकच बाळगावी लागते.