म्हापशातलं कार्डवाल्याचं दुकान: भाव काढायला मस्त, विकायला घाई नको (५ पैकी ४)

पोकेमॉन, डब्ल्यूडब्ल्यूई, क्रिकेट, कसलंही जुनं कार्ड घरात पडलंय आणि ह्याचे किती येतील हा किडा डोक्यात असेल तर म्हापसा मार्केटच्या मागच्या गल्लीतल्या ह्या दुकानात जा. बाहेर मोबाईलची कव्हरं टांगलीत, त्यामुळे पटकन कळत नाही. शुक्रवार टाळा, बाजारामुळे गाडी लावायलाच जागा नसते.

माझं पोकेमॉनमधलं चारिझार्ड होतं, १९९९ च्या बेस सेट नावाच्या पहिल्या संचातलं, नंबर ४/१०२, मामाने कुवेतहून आणलेल्या पाकिटात निघालेलं. आतेभाऊ कधीपासून मागे लागलेला की अरे लाखांत जातं, ईबेच्या साईटवर बघ. दुकानातल्या दादाने कार्ड आधी प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घातलं आणि मगच तोंड उघडलं, तिथेच माणूस पटला. भिंग देऊन चित्राच्या चौकटीची उजवी कड बघायला लावली, तिथे सावली आहे म्हणजे हे नंतरच्या छपाईतलं, ज्याला अनलिमिटेड म्हणतात, सावली नसती तर आधीच्या छपाईतलं शॅडोलेस, आणि चित्राखाली डावीकडे फर्स्ट एडिशनचा शिक्का असता तर मग विषयच वेगळा होता. कडेने बघितलं तर कागदाच्या मधोमध बारीक काळसर रेघ, म्हणजे असली. फेस्ताच्या फेरीत मिळतात ती सोनेरी प्लास्टिकची कार्डं कोणी आणली तर तो हातात पण घेत नाही.

मग ट्यूबलाईटखाली तिरकं धरलं आणि होलोवरचे, म्हणजे चित्राच्या चमकत्या भागावरचे, सगळे ओरखडे दिसले, मागच्या निळ्या कडा पण पांढऱ्या पडलेल्या. पीएसए म्हणजे कार्डाची अवस्था तपासून १० पैकी ग्रेड देणारी कंपनी, तिच्या १० ग्रेडच्या कार्डांचे भाव विसर म्हणाला, ह्याला फार तर ४-५ ग्रेड मिळेल, आणि ग्रेडिंगला अमेरिकेत पाठवायचं तर फी, कुरियर, इन्शुरन्स सगळं जोडून बघ काय उरतं ते. हे स्वतःहून सांगणारा दुकानदार विरळाच.

भाव काढताना ईबेवर फक्त विकले गेलेले आयटम लावतो, तीच छपाई, तशीच कंडिशन, अलीकडचेच व्यवहार, आणि एखादा अवाच्या सवा आकडा दिसला की सोडून देतो. मी आतेभावाने पाठवलेली लिंक दाखवली तर हसला, "पात्रांव, मागायला कोण काय पण मागतो, घेतलं कोणी ते सांग." आकडा आला तो लाखांच्या आसपास पण नव्हता, पण तो कुठून आला ते मला नीट कळलं.

एक स्टार कापला कारण कार्डामागे ५० रुपये घेतात ते कुठे लिहिलेलं नाही, शेवटी कळतं. आणि तिथेच विकायचं म्हटलं तर काढलेल्या भावाच्या साठ टक्के देतो. त्याचे पैसे अडकतात, गिऱ्हाईक कधी येईल नेम नाही, सगळं मान्य, तरी मी नाही दिलं.

संध्याकाळी धाकटा भाऊ बसतो, त्याला क्रिकेटच्या कार्डांतलं ओ का ठो कळत नाही, पोकेमॉनचं मात्र खुशाल विचारा.